धावांची शकावली

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी आमच्या मेढ्याच्या बाजारपेठेत दुकानादुकानांतून नव्या वह्या पाटावर मांडल्या जातात, त्यांना हळदकुंकू लागते आणि पहिल्या पानावर ‘श्री’ उमटते. माझ्या थोरल्या मामांचे किराणा मालाचे दुकान होते. नव्या वहीची पूजा करण्यापूर्वी जुनी वही मिटवायची, आणि दोन्ही बाजू जुळल्याशिवाय ती मिटवायची नाही, असा त्यांचा दंडक होता. चार आण्यांचा फरक निघाला तरी ते फराळाच्या ताटावरून उठत आणि पुन्हा पहिल्या पानापासून बेरीज सुरू करीत. मामी म्हणायच्या, “चार आण्यांसाठी दिवाळी थांबवायची का?” मामा म्हणायचे, “चार आण्यांसाठी नव्हे. ते कुठे गेले ते कळण्यासाठी.”

मामा गेले आणि दुकानही गेले, पण त्यांच्या जुन्या चोपड्या आमच्या माळ्यावर आहेत. गेल्या वर्षी दिवाळीची झाडलोट करताना त्या खाली काढल्या. लाल कापडी पुठ्ठ्याच्या त्या गठ्ठ्यात एक चोपडी निघाली, तिच्यात तेलातुपाचा हिशेब नव्हता. अक्षर माझे होते. रकाने होते आणि त्यांत टिंबे, फुल्या आणि आकडे होते. ती माझी क्रिकेटच्या धावांची वही. त्या वहीने मला असा काही धडा दिला की तो वाचकांपुढे मांडल्यावाचून राहवत नाही. पण त्याआधी थोडे मागे जावे लागेल.

मी शाळेत इतिहास शिकवतो आणि उरल्या वेळात कादंबऱ्या लिहितो, म्हणजे एका हातात शकावली आणि दुसऱ्या हातात बखर, असा माझा संसार आहे. जावळी खोऱ्यात जन्मलेल्या माणसाला या दोहोंतला फरक कोणी समजावून सांगावा लागत नाही. १६५६ साली शिवाजी महाराजांनी मोऱ्यांकडून जावळी घेतली, तिच्या कथा आमच्याकडे आजीच्या मांडीवर बसून ऐकायच्या असतात. प्रत्येक आजीची कथा निराळी, आणि प्रत्येक कथा खरी! बखर अशीच जन्मते. घडून गेल्यावर, ऐकणाऱ्याचे तोंड पाहून, रंग भरून ती सांगितलेली असते.

शकावलीचे तसे नाही. शक, महिना, तिथी आणि काय घडले ते एका ओळीत. रंग नाही, उपमा नाही. रोहिडखोऱ्यातल्या कारीच्या जेधे देशमुखांच्या घराण्यात अशी एक शकावली जपून ठेवलेली होती. ती लोकमान्य टिळकांच्या हाती आली आणि १९१६ साली त्यांनी ती अभ्यासकांपुढे मांडली. बखरींतून शिवजन्माचे साल १६२७ असे चालत आले होते. या शकावलीत मात्र शके १५५१, फाल्गुन वद्य तृतीया, म्हणजे १९ फेब्रुवारी १६३० अशी नोंद निघाली. एकट्या शकावलीच्या शब्दावर जाणत्यांनी मान डोलावली नाही. परमानंदाच्या ‘शिवभारता’तही तीच तिथी निघाली, आणि राजस्थानात सापडलेल्या जन्मपत्रिकेनेही तिला दुजोरा दिला, तेव्हा कोठे हिशेब जुळला. मामांच्या भाषेत सांगायचे तर दोन्ही बाजू जुळल्या.

क्रिकेटची वही म्हणजे खेळाची शकावलीच. पूर्वी इंग्लंडात धावा मोजणारा माणूस काठी आणि चाकू घेऊन बसे व प्रत्येक धावेला काठीवर एक खाच पाडी. पुढे कागद आला, रकाने आले. निर्धाव चेंडूला टिंब, वाइड चेंडूला फुली, नोबॉलला वर्तुळ, ही लिपी तयार झाली. या लिपीची खुबी अशी की एकच धाव तीन ठिकाणी लिहावी लागते: फलंदाजाच्या ओळीत, गोलंदाजाच्या षटकात, आणि एक, दोन, तीन असे आकडे खोडत जाणाऱ्या एकूण बेरजेच्या पट्टीवर. डाव संपला की फलंदाजांच्या धावा अधिक अवांतर धावा, ही एक बेरीज. गोलंदाजांनी दिलेल्या धावा अधिक बाय व लेगबाय, ही दुसरी. पट्टीवर शेवटचा खोडलेला आकडा, ही तिसरी. तिन्ही एक आल्या तर वही खरी. शिवाय खेळाचा नियमच असा आहे की धावा लिहिणारे दोघे असावेत आणि त्यांनी आपले आकडे एकमेकांशी वरचेवर ताडून पाहावेत. हा नियम करणारा माणूस आमच्या मामांसारखाच कोणीतरी असला पाहिजे.

तिकडे अमेरिकेत बेसबॉल नावाचा खेळ आहे. त्या खेळाची आकडेवारीची पद्धत रूढ केली ती हेन्री चॅडविक या मूळच्या इंग्रज माणसाने, आणि तो आधी वृत्तपत्रांतून क्रिकेटच्या बातम्या देत असे. म्हणजे त्या वहीची आईही क्रिकेटचीच वही. १९८९ साली डेव्हिड स्मिथ या जीवशास्त्राच्या प्राध्यापकाने ‘रेट्रोशीट’ नावाची संस्था काढली. कोणाच्या घरात, कोणाच्या माळ्यावर जुन्या सामन्यांच्या खाजगी वह्या पडल्या असतील त्या गोळा करायच्या आणि विसरलेले सामने चेंडूगणिक पुन्हा उभे करायचे, हे तिचे काम. हौशी प्रेक्षकाने केवळ आपल्या समाधानासाठी लिहिलेला कागद तिथे इतिहासाचे साधन ठरला. हे वाचल्यापासून मला माळ्यावरच्या कोणत्याही गठ्ठ्याकडे तुच्छतेने पाहवत नाही.

अशा वह्यांतून काय काय दिसते, त्याचे एक उदाहरण आपल्या महाराष्ट्रातलेच देतो. डिसेंबर १९४८. पुण्याला पूना क्लबच्या मैदानावर महाराष्ट्र आणि काठियावाड यांचा रणजी सामना. काठियावाडचा पहिला डाव २३८ धावांत आटोपला. मग कोल्हापूरचे भाऊसाहेब निंबाळकर खेळायला आले. त्यांनी आणि भांडारकरांनी दुसऱ्या गड्यासाठी ४५५ धावांची भागी केली. भांडारकर २०५ वर गेले, तरी निंबाळकर खेळतच राहिले. महाराष्ट्राच्या ४ बाद ८२६ झाल्या. निंबाळकर नाबाद ४४३, त्यांत ४९ चौकार आणि १ षटकार. प्रथम दर्जाच्या सामन्यातला त्या वेळचा जागतिक उच्चांक होता डॉन ब्रॅडमनचा, १९३० साली केलेल्या नाबाद ४५२ धावांचा. उणीव उरली होती फक्त नऊ धावांची. विश्रांतीसाठी खेळ थांबला आणि काठियावाडचे कर्णधार, राजकोटचे ठाकूरसाहेब, यांनी पुढे खेळायलाच नकार दिला. सामना सोडून त्यांचा संघ परतला.

वहीत या साऱ्याची नोंद कशी उतरते ते पाहा. निंबाळकरांच्या नावापुढे ४४३ आणि त्याला नाबादची चांदणी. काठियावाडच्या दुसऱ्या डावाचे पान कोरे. बस्स. ना राग, ना हळहळ. पण शंभर शब्दांनी जे सांगता येणार नाही ते त्या कोऱ्या पानाने सांगितले आहे. निंबाळकरांना पुढे अधिकृत कसोटी सामन्यात एकदाही घेतले गेले नाही. २०१२ च्या डिसेंबरात, ९३ वा वाढदिवस एका दिवसावर आला असताना, ते वारले. त्या चांदणीने मात्र त्यांना अजून नाबाद ठेवले आहे.

त्याच मोसमात, मार्च १९४९ मध्ये, पुण्यातच मुंबई आणि महाराष्ट्र यांचा उपांत्य सामना झाला. मुंबई ६५१ आणि ८ बाद ७१४. महाराष्ट्र ४०७ आणि ६०४. सात दिवस खेळ चालला, नऊ शतके निघाली, आणि एकंदर धावा झाल्या २,३७६. माझ्या वर्गातल्या मुलांना मी ही बेरीज घालतो. मुंबई किती धावांनी जिंकली, असे विचारतो. ३५४ हे उत्तर जो आधी काढील त्याला खडू फेकायची परवानगी! खेळणाऱ्यांचे कौतुक सगळेच करतात. सात दिवस मान मोडून ती प्रत्येक धाव तीन-तीन ठिकाणी लिहिणाऱ्यांचे मला जास्त वाटते.

मात्र वहीला सारेच दिसते असे समजू नये. पुण्यात बाळू पालवणकर नावाचे एक थोर डावखुरे गोलंदाज होऊन गेले. चर्मकार समाजात जन्मलेले. गोऱ्या साहेबांच्या मैदानावर चाकरी करता करता ते गोलंदाजी शिकले. १९११ साली हिंदुस्थानचा संघ इंग्लंडला गेला, त्या दौऱ्यात त्यांनी एकूण ११४ गडी बाद केले. वहीत त्यांचे नाव इतरांच्या बरोबरीने, त्याच शाईत आहे. पण सुरुवातीच्या काळात पुण्यात खेळताना चहाच्या वेळी त्यांना इतरांपासून दूर, मातीच्या निराळ्या पेल्यात चहा दिला जाई. वहीत चहाचा रकाना नसतो. हिंदू संघाचे कर्णधारपद बाळूंना कधी मिळाले नाही. ते १९२३ साली त्यांचे धाकटे भाऊ विठ्ठल यांना मिळाले. ११४ हा आकडा खरा आहे, आणि मातीचा पेलाही खरा आहे. एक शकावलीत सापडतो, दुसरा माणसांच्या आठवणीत. इतिहासाच्या मास्तराला दोन्ही वेचावे लागतात.

आणि आकडाच चुकला तर? त्याचीही कथा आहे. जानेवारी १९५९ मध्ये कराचीत हनीफ महंमद खेळत होता. हा मूळचा जुनागढचा, म्हणजे काठियावाडचाच मुलगा! ब्रॅडमनचा जो उच्चांक काठियावाडच्या संघाने निंबाळकरांना मोडू दिला नाही, तो त्याच मातीत जन्मलेल्या हनीफने मोडला. दिवसाचा खेळ संपत आला होता, दोन चेंडू उरले होते आणि धावफलकावर त्याच्या नावापुढे ४९६ हा आकडा होता. पाचशे गाठायचे तर शेवटचा चेंडू आपल्याच वाट्याला यावा, म्हणून तो दुसऱ्या धावेसाठी परत फिरला आणि धावबाद झाला. तंबूकडे येताना त्याला कळले की आपण ४९९ वर बाद झालो. फलक मागे होता, आपल्या खऱ्या धावा तेव्हा ४९८ होत्या. खरा आकडा दिसत असता तर त्याने घाई केली असती का? दोन धावांच्या चुकीने एक धाव कायमची हिरावली.

ही हनीफची कथा मी वर्गात अनेकदा रंगवून सांगितली आहे. ती माझ्याच माळ्यावर, माझ्याच अक्षरात पडून आहे, हे मला ठाऊक नव्हते.

आमच्याकडे पाऊस अफाट. दिवाळीनंतर भाताची कापणी उरकली, खाचरे वाळली की वेण्णेच्या काठी खेळाला जागा होई. धसकटे उपटायची, पाण्याने भरलेले पिंप फिरवून जमीन दाबायची, की झाले मैदान. १९९४ सालची गोष्ट. मी तेरा वर्षांचा होतो आणि खेळायला अगदीच टाकाऊ. पण मामांच्या हाताखाली बेरीज चांगली शिकलो होतो, म्हणून थोरल्या पोरांनी मला वही धरायला बसवले. मामांनी एक कोरी चोपडी दिली आणि बजावले, “दोन्ही बाजू जुळव, मग मीट.”

पलीकडच्या गावाशी वीस षटकांचा सामना होता. पैज नारळाची आणि एकावन्न रुपयांची. त्यांनी ८७ धावा केल्या. त्यांचा एक मुलगा आणि मी शेजारी बसून लिहीत होतो. दर षटकाला आकडा ताडून पाहत होतो. आमचा डाव सुरू झाला तेव्हा त्यांचा एक गडी एस.टी. पकडायला निघून गेला आणि तो वही लिहिणारा मुलगा त्याच्या जागी खेळायला उतरला. मी एकटाच उरलो.

एकोणिसावे षटक. आमचे नऊ गडी बाद. माझ्या पट्टीवर ८४ चा आकडा खोडलेला. जिंकायला चार हव्या होत्या. एका टोकाला आमचा सर्वांत चांगला फलंदाज, ३१ वर. दुसऱ्या टोकाला आमच्या आळीतला एक दादा. शेतकरी गडी, गोलंदाजीसाठी घेतलेला. आधीच्या चेंडूवर त्याने दोन धावा काढल्या होत्या. पुढचा चेंडू त्याने मारला, “ये!” म्हणून ओरडला, मग क्षेत्ररक्षकाला पाहून जागीच थबकला. तिकडून आलेला चांगला फलंदाज मधल्यामध्ये सापडला. धावबाद. तीन धावांनी हरलो.

गावाने दादाला कधी सोडले नाही. कोणी मारहाण केली नाही, शिवीगाळही केली नाही. गाव त्याहून पक्की शिक्षा करते. दादा एस.टी. स्टँडवर दिसला की कोणीतरी विचारी, “येऊ का?” लग्नाच्या पंगतीत वाढपी विचारी, “दादा, जिलबी घेऊन येऊ का?” आणि ओळच्या ओळ हसे. सामना न पाहिलेली पोरेही पुढे तेच म्हणू लागली. बखर तयार झाली होती. मीही हसणाऱ्यांत होतो.

गेल्या दिवाळीत ते पान माझ्यापुढे उघडले. मामांची आठवण म्हणून, केवळ गंमत म्हणून, मी बेरीज घातली. फलंदाजांच्या धावा ७४. अवांतर १४. एकूण ८८. मी चष्मा पुसला. गोलंदाजांकडून बेरीज घातली. त्यांच्या नावावर ८२, त्यांत बाय आणि लेगबाय ६. पुन्हा ८८. पट्टीवर मात्र ८४.

षटकामागून षटक ताडत गेलो, तेव्हा बाराव्या षटकात गाठ सापडली. एक चौकार फलंदाजाच्या ओळीत होता, गोलंदाजाच्या षटकात होता, पट्टीवर नव्हता. आणि मग आठवलेच. तो चेंडू वेण्णेच्या पात्रात गेला होता, सगळे शोधायला धावले, आणि मीही वही खाली टाकून धावलो होतो. परत येऊन मी पुढचा चेंडू लिहिला. चार आकडे खोडायचे राहून गेले. डाव संपल्यावर सारे हिरमुसून उठले, त्यांच्याबरोबर मीही उठलो. दोन्ही बाजू जुळवायला बसलोच नाही.

वाचकहो, याचा अर्थ तुमच्या ध्यानात आला असेल. पट्टीवर ८४ झाल्या तेव्हा खऱ्या धावा ८८ होत्या. सामना आम्ही जिंकला होता. विजयाच्या त्या दोन धावा दादानेच काढल्या होत्या. आणि ज्या चेंडूवर त्याने “ये” म्हटले आणि तो थबकला, तो चेंडू टाकायचाच नव्हता. तीस वर्षे गावाने एका माणसाला न घडलेल्या पराभवाबद्दल हसून घेतले, आणि चूक होती वही धरून बसलेल्या पोराची.

त्या रात्री मला फराळ गोड लागला नाही. बायको म्हणाली, “आता कोणाला आठवतंय? राहू द्या.” राहू दिले असते तर कोणाला कळलेही नसते. पण ज्या दिवशी मुलांपुढे उभे राहून ‘साधने तपासून पाहावीत’ असे सांगायचे, त्या दिवशी माझी जीभ अडखळली असती.

भाऊबिजेच्या दुसऱ्या दिवशी वही काखोटीला मारून दादाच्या खळ्यावर गेलो. भाताची मळणी चालली होती. आता तो पन्नाशी ओलांडलेला आहे. मी त्याला पान दाखवले, बेरीज घालून दाखवली, बोट ठेवून तो राहिलेला चौकार दाखवला. त्याने सारे निमूट ऐकले. मग विचारले, “गुरुजी, मंग त्या आदल्या चेंडूवर म्या दोन पळालो, त्या जिकायच्या धावा व्हत्या?”

“हो दादा. तुझ्याच.”

तो बराच वेळ नदीकडे पाहत राहिला. मी क्षमा मागितली, तर हाताने थांबवून म्हणाला, “तुमी तवा पोर व्हता.” थोड्या वेळाने हसला. “आमचं म्हातारं शेवटपातूर म्हनायचं, तुझ्यापायी गाव हारलं. त्यास्नी तेवढं कळाया पायजे हुतं.”

एवढेच तो बोलला. माझ्याजवळ त्यावर उत्तर नव्हते. चोवीस कॅरेटची चूक सुधारली तरी ती ज्याला सांगायची तो माणूस निघून गेलेला असतो, हे इतिहासात नेहमीच घडते. पण ते खळ्यावर उभे राहून ऐकणे निराळे.

निघताना त्याने मला हाक मारली. “गुरुजी, लोकांस्नी सांगा, न सांगा. वहीत मातर नीट करा.”

मी तिथेच बसून नीट केले. जुना आकडा खोडला नाही. इतिहासाच्या कागदावर खाडाखोड करायची नसते. चूकही साधनच असते. ८४ तसाच ठेवला आणि शेजारी लाल शाईने लिहिले: ‘बाराव्या षटकातील चौकार पट्टीवर घ्यावयाचा राहिला. खरी धावसंख्या ८८. मेढा संघ एक गडी राखून विजयी. चूक लिहिणाराची.’ खाली तारीख घातली आणि सही केली. दोन वह्या हव्यात म्हणून शेजारी दादाचीही सही घेतली.

आता आमच्या गावची पोरे धावा मोबाइलवर लिहितात. बेरीज यंत्रच घालते, ती चुकत नाही. पण चेंडू नदीत गेला की तेही फोन खाली ठेवून धावतात, हे मी पाहिले आहे. त्यांना मी एवढेच सांगतो की परत आल्यावर आधी शेजाऱ्याला विचारा.

यंदा लक्ष्मीपूजनाच्या पाटावर मी ती लाल चोपडी ठेवणार आहे. मामांच्या दंडकाप्रमाणे ती आता मिटवायला हरकत नाही. दोन्ही बाजू जुळल्या आहेत. उशिरा जुळल्या, एवढेच.